हिरड्या आणि सांधे

हाताच्या बोटांचे सांधे आखडावेत आणि त्याचे कारण तोंडात शोधावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र ती नवी नाही. 1900 साली लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी, किडके दात व पू झालेल्या हिरड्या दूरच्या अवयवांतील रोगांना कारणीभूत होतात, असे प्रतिपादन केले. पुढे शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनी या विचाराला व्यापक उपपत्तीचे रूप दिले. परिणामी कित्येक रुग्णांचे दात सांधेदुखीवरील उपाय म्हणून सरसकट काढले गेले. 1938 मध्ये रसेल सेसिल व मरे अँजेव्हाइन यांनी 200 रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा या उपायाने फारसा लाभ होत नसल्याचे स्पष्ट झाले. दात गेले, दुखणे राहिले. ही उपपत्ती मागे पडली आणि तिच्याबरोबर मूळ प्रश्नही दीर्घकाळ विस्मृतीत गेला.

संधिवाताभ संधिशोथ, ज्याला सामान्यतः आमवात म्हणतात, हा वार्धक्याने सांधे झिजण्याहून निराळा रोग आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वकीय व परकीय यांतील भेद विसरते आणि सांध्याच्या आतील अस्तरावर हल्ला चढविते. अस्तर सुजते, जाड होते आणि लगतची कूर्चा व हाड पोखरते. हिरड्यांच्या जुनाट रोगात, म्हणजे पायोरियात, असेच काहीसे घडते. दाताच्या मुळाशी साचलेल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, दात व हिरडी यांमध्ये खोल कप्पे पडतात आणि दाताला आधार देणारे हाड झिजते. दोन्ही ठिकाणी हाड झिजविण्याचे काम अस्थिभक्षक कोशिकाच करतात आणि त्यांना चेतविणारी रसायनेही बव्हंशी तीच असतात.

परंतु साम्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. या दोहोंमधील एक संभाव्य दुवा एका साध्या ॲमिनो अम्लात सापडला. 1914 मध्ये जपानी संशोधकांनी कलिंगडाच्या रसातून एक पदार्थ वेगळा केला. कलिंगडाच्या लॅटिन नावावरून त्याला पुढे ‘सिट्रुलीन’ हे नाव मिळाले. शरीरातील काही एंझाइमे प्रथिनांमधील आर्जिनिनाचे रूपांतर सिट्रुलिनात करतात. या क्रियेत आर्जिनिनावरील धन विद्युत्‌भार नाहीसा होतो, प्रथिनाची घडी बदलते आणि प्रतिकारयंत्रणेला ते परके भासू शकते. नेदरलँड्‌समधील संशोधकांनी 1998 मध्ये दाखविले की, आमवाताच्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात अशा बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. ही प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे आढळू शकतात. यावरून कलिंगड वर्ज्य करण्याचे मात्र कारण नाही. फळातील सुटे सिट्रुलीन निराळे आणि प्रथिनात जागच्या जागी घडलेला बदल निराळा.

मग हा बदल प्रथम कोठे घडतो? हिरड्यांच्या रोगात आढळणाऱ्या ‘पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस’ या जंतूपाशी असे रूपांतर घडविणारे स्वतःचे एंझाइम असल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. हा जंतू आधी प्रथिनाची साखळी आर्जिनिनापाशी तोडतो आणि मग त्या टोकाचे सिट्रुलीन करतो. 2016 मध्ये दुसरा एक मार्ग पुढे आला. हिरड्यांतील आणखी एका जंतूचे विष पांढऱ्या रक्तकोशिकांना भोके पाडते, तेव्हा त्यांच्यातील एंझाइमे अनिर्बंध होऊन असेच रूपांतर मोठ्या प्रमाणावर घडवितात. पुढे 2023 मधील एका संशोधनानुसार, हिरड्यांचा रोग असलेल्या आमवाताच्या रुग्णांत तोंडातील जंतू वारंवार रक्तात शिरताना दिसले.

या शोथाचे पडसाद चयापचयावरही उमटतात. सुजलेल्या ऊतींतून सुटणारी रसायने रक्तावाटे यकृत, स्नायू व मेद यांपर्यंत पोहोचतात. इन्शुलिनाचा प्रभाव मंदावतो, स्नायू क्षीण होतात. उलटपक्षी, रक्तातील साखर वाढली की हिरड्यांचा रोग बळावतो. अशा रीतीने एक दुष्टचक्र सुरू होते. त्यात बोटे वाकडी झालेल्या रुग्णाला दात नीट घासता येत नाहीत, ही साधी अडचणही भर घालते.

तरीही सावधगिरी आवश्यक आहे. आनुवंशिक घटक व धूम्रपान यांचा आमवाताशी असलेला संबंध सुप्रस्थापित आहे. धूम्रपान तर हिरड्यांचाही शत्रू आहे. त्यामुळे दोन्ही रोग एकत्र दिसले तरी एकाने दुसरा निर्माण केला असे सिद्ध होत नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने सांध्यांना किती आराम पडतो, याविषयी छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत.

म्हणून इतिहासातील चूक पुन्हा घडता कामा नये. सांध्यांसाठी निरोगी दात काढणे किंवा हिरड्या स्वच्छ केल्या म्हणून सांध्यांची औषधे थांबविणे, हे दोन्ही घातक ठरेल. आमवाताच्या रुग्णाने हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष न करता दंतवैद्याकडे जावे आणि आपल्या दोन्ही रोगांची माहिती दोन्ही वैद्यांना द्यावी. सांधे वाचोत वा न वाचोत, दात तरी निश्चित वाचतील. आणि तो लाभ लहान नव्हे.