जुन्या जीपगाडीचा पुढील आंस व कमानी

बैलगाडीचा आंस झिजला म्हणजे चाक डुलूं लागतें, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. तोच न्याय मोटारीस लागू आहे. मात्र मोटारीचा वेग अधिक, म्हणून दुर्लक्षाची किंमतहि अधिक. महिंद्र कंपनीनें १९४७ सालीं विलिस जीप या देशांत आणली. त्या घडणीच्या, चारहि चाकांस जोर मिळणाऱ्या जुन्या गाड्या कित्येकांनीं जपून ठेवल्या आहेत. बीड जिल्ह्यांतील काळ्या रानाच्या चिखलांतून त्या निघतात खऱ्या. परंतु तोच चिखल त्यांच्या पुढील आंसाचा वैरी होय.

परीक्षा.— चाक थरथरूं लागतांच पुष्कळजण स्टिअरिंगचा एखादा सांधा बदलून मोकळे होतात. आमच्या मतें प्रथम दोष शोधावा. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून मागील चाकांस दगड लावावेत. पुढील आंस जॅकनें उचलून मजबूत घोड्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. मग चाक वर व खालीं धरून हालवावें. खेळ दिसल्यास सोबत्याकडून ब्रेक दाबवावा. खेळ थांबला तर तुंब्यांतील बेअरिंगें सैल आहेत. न थांबला तर किंगपिनचीं बेअरिंगें झिजलीं असें समजावें. चाक दोन्ही बाजूंस धरून हालविल्यास लागणारा खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकांचा असतो.

किंगपिन.— सांध्याच्या गोळ्यावरील सील फाटला कीं वंगण बाहेर येतें व चिखल आंत जातो. म्हणून बेअरिंगाबरोबर त्याचें बाहेरील कडें व सील हींहि नवीं घालावीं. टोपीखालील पातळ चकत्या कमी केल्या म्हणजे सांधा घट्ट होतो. तो किंचित जड फिरावा, पण अडूं नये. तुंब्याचा नट चाक अडेपर्यंत आवळून सुमारें एक षष्ठांश फेरा मागें घ्यावा.

कमानी.— कमानी जोडीनेंच बदलाव्या. एक नवी व एक बसलेली असल्यास गाडी एका अंगास कलते. मधल्या बोल्टाचें डोकें आंसावरील भोंकांत नीट बसलें पाहिजे. यू-बोल्ट नवेच घ्यावे व आळीपाळीनें आवळावे. बुश रबरी असल्यास त्यांचे बोल्ट गाडीचें वजन चाकांवर आल्यावरच पक्के करावे. नाहींतर रबर पिळलेलें राहून लवकर फाटतें. रबरास ग्रीस लावूं नये. धातूच्या बुशांस तें अवश्य द्यावें. मूळ जीपेंत किंगपिनचा माथा सुमारें ३ अंश मागें कललेला असतो. भलत्या घडणीच्या कमानीनें हा कल बिघडला, तर सर्व भाग नवे असूनहि चाक थरथरतें.

शेवटीं चाकांची रेषा तपासून घ्यावी आणि शेंदोनशें किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां आवळावे. पक्क्या रस्त्यावर पुढील चाकांचा जोर सोडून द्यावा. कारण वळणांत पुढील चाकें मागच्यांपेक्षां अधिक अंतर चालतात व त्या ओढीनें सांधे झिजतात.

धारूरच्या घाटांत भरली गाडी उतरतांना यू-बोल्ट तुटला, तर आंस जागचा सरतो व गाडी हातीं राहत नाहीं. तेथें चार पैशांची काटकसर जिवावर बेतते. म्हणून हें काम मृगापूर्वींच उरकून घ्यावें, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.