१३४ पराभवांचा धडा

हरणाऱ्या टीमला आपण 'लायकीच नाही' म्हणून मोकळे होतो. मला मात्र अमेरिकेतल्या क्लीव्हलँड स्पायडर्सचा १८९९ चा सीझन आठवतो. नॅशनल लीगमधल्या या बेसबॉल संघाने १८९८ मध्ये ८१ सामने जिंकले होते. पुढच्या वर्षी मालक रॉबिसन बंधूंनी त्याच लीगमधला सेंट लुईसचा संघही घेतला आणि साय यंगसारखे हुकमी खेळाडू तिकडे हलवले. उरलेल्या संघाने १५४ पैकी १३४ सामने गमावले! घरी प्रेक्षक फिरकेनात, म्हणून बरेचसे सामने परगावी खेळावे लागले. सीझननंतर लीगने १२ पैकी ८ संघच ठेवले. त्यात स्पायडर्स नव्हते. तेव्हा स्कोअर बघताना, टीममधून कोणाला कोणी काढून नेलं, हेही विचारा.