मने, आधी कल्हई बघ

मने, परवा रात्री साडेअकराला तू त्या निळ्या गाडीचे एकोणीस फोटो पाठवलेस आणि खाली एकच शब्द: 'घेऊ?' मी सगळे फोटो बघितले, दोनदा बघितले. तुझे जिजाजी तिसऱ्यांदा बघायला लागले तेव्हा फोन काढून घेतला हातातून. गाडी देखणी आहे यात वादच नाही. इंटरलागोस निळा रंग, आत बिस्किटी चामडं, मागे चार नळ्यांचा एक्झॉस्ट. 2006 ची बीएमडब्ल्यू एम5, मागणी 14,950 पौंड.

उत्तराला दोन दिवस लावले, कारण 'नको' म्हणणं सोपं होतं आणि मला तसं म्हणायचं नव्हतं. बाबांचं ऑपरेशन झालं, सांगलीच्या घराची गळती काढून झाली, तुझं कर्ज फिटलं, ड्रायव्हिंगची परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना पास झालीस. आता पहिल्यांदा तू स्वतःसाठी काही मागतेयस. तेव्हा घे. पण माझं ऐकून घे, आणि यातली एक गोष्ट आईच्या कानावर जाता कामा नये.

ती आधीच सांगून टाकते. आमची ती काळी गाडी आठवते? आईला आम्ही सांगितलं होतं की ऑफिसकडून मिळाली. ऑफिसबिफिस काही नव्हतं गं. एका गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून साडेनऊ हजार पौंडांना घेतली होती. त्याचं नाव नको, गाडीचंही नको. फोटोंवर भाळलो, कागद चाळले नाहीत, बाहेरचा मेकॅनिक नेला नाही. अकरा महिन्यांत तिच्यावर साडेपाच हजार घातले. सोबत घेतलेल्या वॉरंटीवाल्यांना फोन केला की एकच उत्तर: ही झीज आहे, ती करारात बसत नाही. शेवटी तीन हजारांना देऊन टाकली. शेवटचं बिल भरायला गॅरेजमध्ये गेले आणि काउंटरवरच रडू फुटलं. मालक बिचारा गोंधळला. चहा दिला आणि म्हणाला, 'आमची हिशेब बघणारी मुलगी सोडून गेलीय, तुला कॉम्प्युटरवर बिलं करता येतात का?' मला ही नोकरी अशी लागली. सहा वर्षं झाली. आता दुसऱ्यांची बिलं टाइप करते आणि मनातल्या मनात त्यांच्यासाठी हळहळते.

तर आता तुझ्या एम5 बद्दल. ई60 म्हणतात त्या पिढीची ही गाडी, 2005 ते 2010 मधली. पाच लिटरचं, दहा सिलिंडरचं इंजिन, 507 अश्वशक्ती, आणि काटा मिनिटाला 8,250 फेऱ्यांपर्यंत जातो. त्या काळात बीएमडब्ल्यू फॉर्म्युला वनमध्ये दहा सिलिंडरचीच इंजिनं पळवत होती, तो वारा या गाडीला लागलेला आहे. 2005 आणि 2006, दोन्ही वर्षं 'इंजिन ऑफ द इयर'चा मान याच इंजिनाला मिळाला. गंमत म्हणजे गाडी सुरू केलीस की ती 400 अश्वशक्तीवरच असते. बाकीची शंभर हवी तर बटण दाबून मागून घ्यायची, माहेरी डबा मागून घेतल्यासारखी.

आता आतली गोष्ट. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे अशीच एक गाडी आली होती. बिघडलेली नव्हती, छान चालत होती. मालकाने काळजीपोटी रॉड बेअरिंग बदलायला आणली होती. दुपारी मेकॅनिकने मला हाक मारली. बाकावर जुना टॉवेल अंथरून त्याने बेअरिंगच्या पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. दहा सिलिंडर, प्रत्येकाच्या दोन पाकळ्या, म्हणजे वीस. अर्ध्या बांगडीसारखी एकेक. काही करड्या, गुळगुळीत. आणि चार-पाचांवर मधोमध तांबूस पट्टा उमटलेला.

मला आजीचं स्वयंपाकघर आठवलं. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की आत पिवळं दिसायला लागायचं आणि आजी म्हणायची, आता यात ताक ठेवू नका, कळकेल. हे तसंच आहे बघ. बेअरिंगवर मऊ धातूचा पातळ थर असतो, त्याखाली तांबं. वरचा थर गेला की तांबं उघडं पडतं, आणि पुढचं घासणं थेट क्रँकशाफ्टशी. आजीचं निदान ताक नासायचं. इथे इंजिन नासतं.

असं का होतं, तर आतली फट फारच थोडी ठेवलेली आहे, आणि त्याला तेल लागतं 10डब्ल्यू-60, जाड. सकाळच्या गारठ्यात ते तेल मधासारखं ओघळतं. तेवढ्यात मालकाने उत्साहात पाय दाबला की झीज सुरू. म्हणून काट्याच्या तबकडीवर इंजिन गार असताना लाल हद्द खाली आणून ठेवलेली असते, तेल तापेल तसे दिवे वर सरकतात. आधीच्या मालकाने ते दिवे पाळले की नाही, हे मात्र फोटोत दिसत नाही. त्यात गाडीचा कॉम्प्युटर तेल बदलायला भरपूर मुदत देतो. जाणकार पाच-सहा हजार मैलांवर बदलतात. एका वेळी नऊ लिटरच्या वर तेल लागतं, आणि मधेमधे भर घालावी लागते ती वेगळी.

बेअरिंग वेळेत, आवाज यायच्या आत बदलून घेतली तर आमच्यासारख्या स्वतंत्र गॅरेजमध्ये दोन ते अडीच हजार पौंडांत काम होतं. आवाज आल्यावर गेलीस तर मग इंजिनच. ते बिल पाच आकडी असतं, आणि तसं बिल टाइप करताना मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. जाहिरातीत 'फुल सर्व्हिस हिस्टरी' लिहिलंय ना? त्याने भुलू नकोस. विचार एवढंच: बेअरिंग बदललीत का, कधी, किती मैलांवर, पावती कुठे? 'गरज पडली नाही' असं उत्तर आलं तर ते दोन-अडीच हजार तुझ्या खात्यात मांड.

गिअरबॉक्सचं प्रकरण वेगळं. नाव एसएमजी. क्लचचं पेडल नाही, पण ऑटोमॅटिकही नाही. आत साधा क्लच आहे आणि तो दाबायचं काम हायड्रॉलिक पंप करतो. हातांनी गिअर टाकायची एम5 अमेरिकेत मिळाली, आपल्या नशिबी ती नाही. गाडीचं दार उघडलंस की 'घुंऽऽ' असा आवाज येतो, तो हा पंप दाब भरून घेतोय. थोडा वेळ वाजून थांबला तर ठीक. सारखा सारखा वाजत राहिला तर कान टवकार. दाब टिकत नसेल किंवा मोटर थकली असेल. पंप बसला की गाडी गिअरच घेत नाही. कधीकधी फक्त रिले गेलेला असतो, वीस-तीस पौंडांची वस्तू. म्हणून पंप बदला असं कुणी म्हटलं की आधी 'रिले बघितला का' असं विचारायचं. मी हे गिऱ्हाइकांना हळूच सांगते. मालकाला माहीत आहे, काही म्हणत नाही. पंप नवा घेतलास तर मजुरीसकट दोन हजारांच्या पुढे. क्लच आणि फ्लायव्हील मिळून तेवढंच. रेडिंग स्टेशनसमोरच्या गर्दीत रोज मुंगीच्या पावलाने चालवलीस तर क्लच लवकर झिजणार, हे गृहीत धर. आणि या गिअरबॉक्सला 'पी' नसतो. गाडी गिअरमध्येच ठेवून हँडब्रेक ओढायचा. पहिल्या आठवड्यात विसरशील, म्हणून सांगितलं.

तिसरं दुखणं थ्रॉटल ॲक्च्युएटर. दोन असतात, एकेका बाजूला एकेक. आतले प्लॅस्टिकचे दाते झिजतात. मग एके दिवशी समोर पिवळा दिवा लागतो, ताकद एकदम निम्मी होते आणि हायवेवर मागचा ट्रक आरशात मोठा होत जातो. नवे दोन्ही टाकलेस तर हजार-दीड हजार. पण ते काढून दुरुस्तीला पाठवणारे लोक आहेत, धातूचे दाते बसवून परत देतात, तीन-चारशेत भागतं. डीलरकडे हा पर्याय तुला कुणी सुचवणार नाही. त्यांचं तरी काय चुकलं, ते भाग दुरुस्त करत नाहीत, भाग विकतात.

बाकीचं भराभर सांगते. मागचे टायर 285 रुंदीचे, तुझा पाय कसा आहे त्यावर वर्ष किंवा सहा महिने. पुढच्या ब्रेकच्या डिस्क 374 मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्या पोळपाटापेक्षा मोठ्या. चारही चाकांचं काम एकदम निघालं तर हजाराच्या वर. शॉक ॲब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक आहेत, गळायला लागले तर एकेकाची किंमत ऐकून बसावं लागतं. पेट्रोल कंपनीच्याच आकड्यांनी शंभर किलोमीटरला 14.8 लिटर, आणि गावात त्याहून बरंच जास्त. टाकी 70 लिटरची. पंपावरच्या पोराशी ओळख होईल तुझी.

एक गोष्ट मात्र तुला जाहिरातवाला सांगणार नाही. तुझ्या गाडीच्या नंबरात '06' आहे. म्हणजे 1 मार्च ते 31 ऑगस्ट 2006 मध्ये नोंदलेली. इथे इतका धूर सोडणाऱ्या गाडीची नोंद 23 मार्च 2006 च्या आधी झाली असेल तर वर्षाचा रोड टॅक्स सव्वाचारशे पौंडांच्या आसपास, त्या तारखेपासून पुढे झाली असेल तर साडेसातशेच्या घरात. एकाच नंबराच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या, आणि तीन आठवड्यांच्या फरकाने दरवर्षी तीनशे पौंडांचा भुर्दंड. तेव्हा नोंदणीच्या कागदावर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीवर, पहिल्या नोंदणीची तारीख वाच. फोटो मागव आजच.

एमओटीचा, म्हणजे वर्षाच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास तर फुकट आहे, सरकारी साइटवर नंबर टाकायचा. दरवर्षीचे मैल दिसतात, आणि पास करतानाही तपासणाऱ्याने काय शेरे मारलेत ते दिसतं. मी काल रात्रीच बघितला. तीन वर्षं ओळीने 'मागचे टायर झिजलेले' असा शेरा आहे. एकदा असेल तर समजू शकते. तीनदा म्हणजे मालक खर्च पुढे ढकलणारा आहे. टायरचे पैसे वाचवणारा माणूस तेलाचे वाचवत नसेल कशावरून? थकीत कर्ज आणि अपघाताची नोंद यांचा रिपोर्टही काढ, वीस पौंड जातील.

आणि विमा. तुझ्या लायसन्सला पुरतं वर्षही झालेलं नाही. सांगलीत दहा वर्षं स्कूटी आणि बाबांची मारुती चालवलीस ते या लोकांच्या हिशेबात धरतातच असं नाही. गाडी ठरवण्याआधी विम्याचा आकडा काढ. कदाचित तो आकडाच आपल्या दोघींचं बोलणं संपवेल.

तो आकडा झेपला, तर माझं गणित असं आहे: गाडीला 14,950 असतील तर सात हजार वेगळ्या खात्यात आधी ठेव. ते खातं उघडल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. गाडी पंधरा हजारांची झाली म्हणून तिचा पंप पंधरा हजारांच्या गाडीचा होत नाही. नवी असताना साठ हजारांच्या वरची होती ती, आणि सुटे भाग अजून त्याच भावात येतात. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीची गोष्ट वेगळी होती. तिचं काहीही गेलं तरी मिरजेच्या दुकानात डब्यातून काढून देत होते. तरीसुद्धा ती घेताना बाबा मिस्त्रीला स्कूटरवर बसवून घेऊन गेले होते, आठवतं? मिस्त्रीने तेलाचं झाकण उघडून वास घेतला होता आणि बोट आत फिरवलं होतं. आपण दोघी हसलो होतो.

शनिवारी मी येते. आमच्या मेकॅनिकशी बोलले आहे, तो अडीचशे पौंडांत गाडी तपासून देईल, कॉम्प्युटर लावून क्लच किती उरलाय तेही सांगेल. तू विकणाऱ्याला एवढंच कळव की आम्ही सकाळी नऊला येतोय आणि गाडी सुरू करून ठेवू नका, गार इंजिन बघायचंय. पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघ. कोमट लागलं तर काही न बोलता मला खूण कर, आपण चहा पिऊन परत येऊ. जुने कपडे घाल, गाडीखाली आडवं व्हावं लागेल. मी पोहे करून आणते. आणि काळ्या गाडीचं आईला सांगितलंस तर बघ.