अपरा, ग्लुकोज आणि गर्भपोषण : एक अभ्यास

गर्भिणीची चिकित्सा करताना ‘गर्भाचे पोषण नीट होत आहे ना?’ हा प्रश्न प्रत्येक वैद्यास विचारला जातो. पोषण व्हावे म्हणून आपण कल्प, अवलेह, पाक यांची योजनाही करतो. परंतु मातेच्या रक्तातील साखर गर्भापर्यंत कशी पोहोचते आणि ती अधिक झाल्यास अपरा तिला अडविते काय, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही तो करीत आहोत.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भपोषणासंबंधी उपस्नेह व उपस्वेद यांचा, तसेच नाभिनाडी आणि अपरा यांचा निर्देश आहे. गर्भिणीच्या आहाररसाचे तीन भाग होतात : एक तिच्या शरीरपुष्टीसाठी, दुसरा स्तन्यासाठी व तिसरा गर्भवृद्धीसाठी. अष्टांगहृदयात वाग्भटांनी पाटाच्या पाण्याने भिजणाऱ्या शेताची उपमा योजिली आहे. ग्रंथांत आधुनिक रेणू शोधण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाही. तथापि ही उपमा पुढील विवेचन समजण्यास उपयुक्त आहे.

अपरेतील वहन

मानवी अपरेत मातेचे रक्त अंकुरांभोवतीच्या पोकळीत खेळते, तर गर्भाचे रक्त अंकुरांतील केशवाहिन्यांतून वाहते. ही दोन रक्ते परस्परांत मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट हा पेशीसीमा नसलेला अखंड थर असतो. ग्लुकोज जलविद्राव्य असल्याने या थराच्या स्निग्ध आवरणातून स्वतःहून सहज जाऊ शकत नाही. त्यासाठी आवरणात वाहक प्रथिने असतात. त्यांपैकी ग्लूट-१ हे प्रमुख होय. या वहनास ऊर्जा खर्च होत नाही. जिकडे ग्लुकोज अधिक, तिकडून जिकडे कमी, तिकडे ते जाते. मातेकडील आवरणावर ग्लूट-१ विपुल, तर गर्भाकडील आवरणावर तुलनेने कमी असते. म्हणून वहनाची गती मुख्यतः गर्भाकडील बाजू ठरविते.

गर्भ स्वतः ग्लुकोज फारसे निर्माण करीत नाही. त्याची गरज प्रतिकिलो प्रतिमिनिट सुमारे ५ मिलिग्रॅम धरल्यास ३ किलो वजनाच्या गर्भास दिवसाला साधारण २२ ग्रॅम ग्लुकोज लागते. गर्भाच्या रक्तातील ग्लुकोज मातेपेक्षा कमी असते. हाच पाटाचा उतार. मात्र येथे पाटही पाणी पितो. अपरा स्वतःच्या कार्यासाठी बरेच ग्लुकोज वापरते. मेंढीवरील अभ्यासांत गर्भाशयाकडे आलेल्या ग्लुकोजपैकी निम्म्याहून अधिक भाग तिनेच वापरल्याचे आढळले आहे.

गर्भावस्थेच्या उत्तरार्धात अपरेतील संप्रेरकांमुळे मातेच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. तिच्या ऊतींकडून ग्लुकोजचा वापर घटतो आणि ते गर्भासाठी उपलब्ध राहते. ही निसर्गाची योजना आहे. परंतु जिचे स्वादुपिंड हा भार पेलू शकत नाही, तिला गर्भिणी-मधुमेह होतो.

अडविणारा कोणी नाही

मातेची साखर वाढली की उतार वाढतो व गर्भाकडे अधिक ग्लुकोज जाते. मातेचे इन्सुलिन मात्र अपरा ओलांडत नाही. त्यामुळे गर्भाच्या स्वादुपिंडास अधिक इन्सुलिन स्रवावे लागते, मेद साचतो आणि बालक अतिस्थूल होते. नाळ कापताच ग्लुकोजचा पुरवठा थांबतो, पण बालकाचे इन्सुलिन चढेच असते; म्हणून जन्मानंतर लगेच त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डेन्मार्कचे डॉ. योर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती आजही मूलभूत मानली जाते. ‘बाळ चांगले गुटगुटीत आहे’ हे प्रत्येक वेळी सुपोषणाचे लक्षण नव्हे.

व्यवहारातील बोध

१. पहिल्याच भेटीत गर्भिणीची साखर तपासून घ्यावी. भारत सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन २ तासांनी साखर मोजतात. ती १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक असल्यास गर्भिणी-मधुमेह समजावा. पहिली तपासणी निर्दोष असल्यास २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करावी.

२. बाजारातील शतावरी कल्पात बहुतांश साखरच असते. अवलेह व पाकांतही साखर वा गूळ भरपूर असतो. तपासणीत साखर अधिक आढळल्यास चूर्ण, क्वाथ वा घृत या कल्पनांचा विचार करावा.

३. औषधालयचालकांनी गर्भिणीस कल्पाचा डबा देताना ‘साखर तपासली आहे काय?’ एवढे अवश्य विचारावे.

४. मधुमेह निश्चित झालेल्या गर्भिणीस केवळ आपल्या औषधांवर न ठेवता प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. तिचे चालू असलेले इन्सुलिन कदापि बंद करू नये.

५. साखर अधिक निघाली म्हणून उपाशी राहण्याचा सल्ला देऊ नये. दीर्घ उपवासाने मातेची साखर उतरते, उतार कमी होतो आणि मेदविघटनातून निर्माण होणारे कीटोन गर्भापर्यंत पोहोचतात. थोडा थोडा, वेळेवर आहार हितकर.

शेताला पाणी कमी पडले तर पीक सुकते, अति झाले तर कुजते. अपरेच्या पाटाला स्वतःचे दार नाही. पाणी किती सोडावे, हे मातेच्या रक्तातच ठरते. ते राखण्याचे उत्तरदायित्व तिच्याइतकेच आपलेही आहे, असे आम्हांस वाटते.