फाइलचा पत्ता

नवी पेठेतील दुकानाचा पत्ता लिहिताना आपण आधी दुकान, मग पेठ, शेवटी सोलापूर लिहितो. संगणक उलट, मोठ्याकडून लहानाकडे जातो. दुसऱ्या संगणकावरील फाइल मागताना विंडोजमध्ये लिहावे लागते: \\सोलापूर\नवीपेठ\धडा. म्हणजे संगणक, त्याने इतरांसाठी खुला केलेला कप्पा आणि फाइल.

लिनक्समध्ये रेघ उलट झुकते: /नवीपेठ/धडा. तेथे परका कप्पा आधी आपल्याच कप्प्यांत जोडून घेतात; म्हणून पत्त्यात त्या संगणकाचे नाव दिसत नाही.

रेघेचा हा फरक का? 1981 च्या डॉसमध्ये कप्पे नव्हतेच. '/' ही खूण आज्ञेचे पर्याय सांगण्यात गुंतली होती. 1983 मध्ये कप्पे आले, तेव्हा '\' घ्यावी लागली.

आणखी एक मेख आहे. इंग्रजीची मोठी व लहान लिपी विंडोज सहसा एकच मानते, लिनक्स वेगळी. घरी चाललेला प्रकल्प प्रदर्शनात 'फाइल सापडत नाही' म्हणून अडतो, तो अनेकदा यामुळे. देवनागरीत असा भेद नाही. पण 'ऱ' एका संकेताने किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना नावे सारखी, लिनक्सला मात्र निराळी!

म्हणून प्रकल्प प्रदर्शनातील संगणकावर आधी एकदा चालवून पाहा.