पाण्याची धार

सातपुड्यावर पडणाऱ्या पावसाच्या वऱ्हाडात दोन वाटा होतात. पूर्णा नदी ते पाणी पश्चिमेकडे तापीस नेऊन पोहोचविते, तर वर्धा नदी ते गोदावरीच्या खोऱ्यात नेते. उन्हाळ्यात या नद्यांच्या पात्रांतून गुरे पायी पार होतात आणि त्यांच्या सामर्थ्याचा लोकांस विसर पडतो. परंतु ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला असा पूर आला, की वरूड तालुक्याच्या पैलतीरावरील मोवाड हे गाव उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. अशा प्रसंगी नाव तर हवीच. पण प्रवाहाविरुद्ध ती नेणारे यंत्रही हवे.

हे यंत्र नावेच्या मागील फळीस बाहेरून अडकवितात. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ साली असे सुटसुटीत यंत्र विक्रीस आणले व ते लोकप्रिय केले. तरुणपणी यंत्रशाळांतून राबत त्याने ही विद्या संपादन केली होती.

तशीच विद्या शिकण्यासाठी अकोला जिल्ह्यातील पूर्णाकाठचा एक मुलगा अमरावतीकडील एका लहानशा कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार म्हणून राहिला होता. पावसाळ्यापूर्वी बचावनौकांची यंत्रे तेथे तपासणीस येत. म्हातारे मिस्त्री त्याचे गुरू. सारे त्यांना उस्ताद म्हणत. शिळे पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर कसा तुंबतो, स्पार्क प्लगवरील काजळी काय सांगते, हे सारे त्यांनी त्याला एकेक करून शिकविले. सर्वांत आधी मात्र त्यांनी एक नियम सांगितला होता : हे यंत्र पाण्यावाचून कधीही सुरू करावयाचे नाही.

या नियमामागे कारण होते. यंत्राच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात रबरी पात्यांचे एक चक्र असते. ते नदीचे पाणी वर खेचून तापलेल्या सिलिंडरभोवती खेळविते. त्यातील थोडे पाणी बाजूच्या छिद्रातून धारेच्या रूपाने बाहेर पडते. ती धार दिसली, म्हणजे यंत्र थंड राहात आहे असे समजावे. पाणी नसेल, तर कोरड्या घर्षणाने रबरी पाती जळतात.

मे महिन्यात एके दिवशी उस्ताद सुटे भाग आणण्यास गेले असता गावचे मित्र मुलाला भेटावयास आले. त्यांना चकित करण्याच्या हौसेने त्याने लोखंडी घोडीवर टांगलेल्या एका यंत्राची दोरी ओढली. दोन-तीन मिनिटे मोठा आवाज झाला. मित्र खूश होऊन गेले. वरून काहीच बिघडलेले दिसत नव्हते; म्हणून मुलगा ती गोष्ट विसरून गेला.

जूनच्या आरंभी चाचणी झाली. पाण्याच्या पिंपात बुडविलेले तेच यंत्र दुसऱ्याच ओढीला सुरू झाले. न्यावयास आलेल्या मंडळींनी समाधानाने माना डोलाविल्या. उस्ताद दुसऱ्या यंत्राशी गुंतले होते. मुलाची नजर मात्र धारेवर खिळली. करंगळीएवढी सलग पडावयाची ती धार सुतासारखी बारीक होऊन तुटत होती.

हे सांगावे, तर आपली चोरी उघडी पडणार. न सांगावे, तर नाव संध्याकाळी नदीकाठी जाणार. भर पुरात बंद पडलेली नाव त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्याने यंत्र बंद केले.

"उस्ताद, हे पाठवू नका. मी ते कोरडे चालविले होते."

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी पाना त्याच्या हाती दिला आणि म्हटले, "खोल."

चक्राच्या सहा पात्यांपैकी तीन तुटलेली होती. मुलाने लगबगीने नवे चक्र काढले. पण उस्तादांनी त्याचा हात धरला.

"चूक सांगतली, चांगलं केलं पोरा. पन तिचा तुकडा अजून आतच हाये."

दोन तुकडे पंपातच सापडले. तिसरा पाण्याबरोबर नळीतून वर गेला होता. नळी सोडविली, वाटा एकेक करून तपासल्या. मंडळींना दुसऱ्या दिवशी या, असे सांगावे लागले. दिवेलागणीस सिलिंडरजवळच्या अरुंद वाटेत अडकलेला, बोराच्या बीएवढा काळा तुकडा हाती आला. तो आत राहिला असता, तर नवे चक्र बसवूनही पाण्याची वाट अडली असती. सिलिंडर तपासून पाहिला. सुदैवाने त्याला इजा झालेली नव्हती.

सकाळी यंत्र पुन्हा पिंपात उतरले. धार जोमाने आणि सलग पडू लागली. नाव रवाना झाली.

तो काळा तुकडा मुलाने आपल्या अवजारांच्या पेटीत जपून ठेवला. त्यानंतर कोणतेही यंत्र सुरू केले, की इतरांचे कान त्याच्या आवाजाकडे असत. मुलाचे डोळे मात्र आधी धारेकडे वळत.