पांढऱ्यावर पांढरं

प्रश्न : हातकागदावरचं एक मुद्राचित्र घेतलं. रंग नाही, शाई नाही. फक्त उठावाच्या दोन रेषा. फ्रेमवाला म्हणतो, कागद दाबून सपाट करू. करू द्यावं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नको. तो उठाव हेच तुमचं चित्र आहे. ओलसर केलेला सुती कागद शाई न लावलेल्या प्लेटवर ठेवतात, वर जाड फेल्ट घालून प्रेसमधून काढतात. तंतू खाचांत शिरतात आणि वाळताना तो आकार धरतात. पाणी, इस्त्री किंवा काचेचा दाब लागला की उठाव बसतो. मग तो पहिल्यासारखा होत नाही.

काच आणि कागद यांत जाड माउंटचं अंतर हवंच. माउंट आम्लविरहित असावा, मागे फेव्हिकॉल किंवा सेलोटेप नको. कोकणातल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल थेट कागदात उतरते.

प्रकाश मात्र बाजूने द्या. समोरून दिवा टाकलात तर रेषा नाहीशा होतील. तिरक्या उजेडात सावली पडते आणि ती सावलीच इथे शाईचं काम करते. मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची १९७०च्या दशकातली ‘वून्ड्स’ मालिका जरूर पाहा. त्यांनी कागदाचा लगदाच साच्यात दाबून पांढऱ्या पृष्ठावर जखमा उमटवल्या. इतक्या कमी साधनांत एवढी वेदना मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

खाली पेन्सिलीने ५/२० असं काही लिहिलं असेल, तर वीस प्रतींच्या आवृत्तीतली ती पाचवी प्रत. ती नोंद आणि सही माउंटखाली झाकू देऊ नका.